पुणे ते नागोया: पंचवीस अर्ज, मुलाखतीची दोन बोलावणी

‘इंग्रजी मातृभाषा असलेली किंवा त्या तोडीचं इंग्रजी येणारी व्यक्ती.’ जपानी विद्यापीठांतल्या इंग्रजी शिक्षकांच्या जाहिराती वाचायला घेतल्या की हे वाक्य सारखं समोर येतं. डिसेंबर २०२२ मध्ये मी ते पहिल्यांदा वाचलं आणि लॅपटॉप मिटून ठेवला. मी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली. एबीसीडी पाचवीत गिरवली, बारावीपर्यंत सगळं शिक्षण मराठीतून. त्या वाक्यातला ‘किंवा’च्या पुढचा भाग आपल्यासाठीच लिहिलेला आहे, हे मनाला पटायला सहा महिने गेले.

तेव्हा मी पुण्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. सेट झालेली, इंग्रजी अध्यापनात पीएचडी, अकरा वर्षांचा अनुभव. तरी दर जूनमध्ये नव्याने मुलाखत आणि नव्याने नेमणूक, उन्हाळ्याच्या सुट्टीत एक रुपया नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये हौसेने जपानी शिकत होते आणि ४ डिसेंबर २०२२ ला जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ ही पातळी दिली होती. परीक्षेनंतर आमच्या सेन्सेई, म्हणजे जपानीच्या बाई, सहज म्हणाल्या, “अहो, तुम्ही तिकडे इंग्रजी शिकवायला का नाही जात?” तिथून हे सगळं सुरू झालं.

सुरुवात जे-रेक-इन पोर्टलपासून. जपानच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेचं हे सरकारी संकेतस्थळ आहे, नोंदणी फुकट, आणि विद्यापीठांच्या बहुतेक जागा तिथे येतात. विषय, पद, प्रदेश निवडून अलर्ट लावून ठेवायचा. जपानचं शैक्षणिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे पुढच्या एप्रिलच्या जागा साधारण मे ते ऑक्टोबर या काळात निघतात. जाल्ट या भाषाशिक्षकांच्या संघटनेकडेही जाहिराती येतात.

पहिल्या महिन्यात मी फक्त शब्द शिकले. ‘सेन्निन’ म्हणजे पूर्णवेळ. ‘हिजोकिन’ म्हणजे तासांवर, आपल्या तासिका तत्त्वासारखं. परदेशातून येणाऱ्याला हिजोकिनचा काही उपयोग नाही, कारण एवढ्या तुटपुंज्या तासांवर कोणी व्हिसासाठी हात पुढे करत नाही. ‘निंकी’ म्हणजे मुदतीची नेमणूक, तीन किंवा पाच वर्षांची, आणि परदेशी शिक्षकांसाठी निघणाऱ्या बऱ्याचशा जागा अशाच असतात. ‘कोमा’ म्हणजे एक तास, पण तो आपला साठ मिनिटांचा नव्हे, बहुधा ९० मिनिटांचा. जाहिरातीत ‘आठवड्याला आठ कोमा’ असेल तर बारा तास प्रत्यक्ष वर्गात.

याच सुमाराला एक गोष्ट कळली. ती आधी माहीत असती तर ते सहा महिने घाबरण्यात गेले नसते. जपानमध्ये शाळांत शिकवण्यासाठी जो ‘इन्स्ट्रक्टर’ हा निवासाचा दर्जा लागतो, त्यात परदेशी भाषा शिकवणाऱ्याचं किमान बारा वर्षांचं शिक्षण त्याच भाषेतून झालेलं असावं अशी अट आहे. मराठी माध्यमातल्या माझ्यासारखीसाठी तो दरवाजा जवळजवळ बंदच. विद्यापीठातल्या शिक्षकांसाठीचा ‘प्रोफेसर’ हा दर्जा वेगळा, त्याला ही अट नाही. तिथे विद्यापीठ तुम्हाला पात्र ठरवतं आणि इमिग्रेशन त्या नेमणुकीकडे बघतं. मराठी माध्यमातून शिकलेल्या कोणाला हा फरक माहीत नसेल तर आधी तो समजून घ्या.

मग कागद. रिरेकिशो म्हणजे ठरावीक नमुन्यातलं जीवनवृत्त, त्यावर तीन महिन्यांच्या आत काढलेला ३ बाय ४ सेंटिमीटरचा फोटो. ग्योसेकी म्हणजे प्रकाशनांची यादी, प्रत्येक लेखाखाली चार-पाच ओळींचा सारांश. तीन प्रमुख लेखांच्या प्रती. अध्यापनाविषयीचं निवेदन. कधी एखाद्या कोर्सचा पंधरा आठवड्यांचा आराखडा. शिफारस करणाऱ्या दोन-तीन जणांची नावं. प्रत्येक विद्यापीठाची एक्सेल फाइल वेगळी, त्यामुळे एकदा तयार केलेलं दुसरीकडे जसंच्या तसं चिकटवता येत नाही. एका अर्जाला मला सरासरी तीन संध्याकाळी लागायच्या.

माझ्या नावाचा घोळ वेगळाच. बीए आणि एमएची प्रमाणपत्रं माहेरच्या नावाने आणि ‘पुणे विद्यापीठा’ची. पीएचडी सासरच्या नावाने आणि ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठा’ची, कारण मध्ये २०१४ साली विद्यापीठाचं नामांतर झालं. जपानमधल्या कारकुनाला हे दोन वेगळ्या विद्यापीठांतून शिकलेल्या दोन वेगळ्या बायका वाटणार! मी एका पानाचं टिपण तयार केलं: माहेरचं नाव, सासरचं नाव, विद्यापीठाचं जुनं नाव, नवं नाव, सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत. सेन्सेईंनी त्याचं जपानी भाषांतर करून दिलं. पुढे ते पान प्रत्येक पाकिटात गेलं आणि कोणीही उलट प्रश्न विचारला नाही.

अनुभवाच्या दाखल्यांनी मात्र दम काढला. दरवर्षीची नेमणूक वेगळी, म्हणून दाखलेही वेगवेगळे. एका कॉलेजात एका सहीसाठी पाच आठवडे हेलपाटे घातले. अर्ज करायचा नुसता विचार जरी असला तरी दाखले आजच मागायला घ्या.

प्रकाशनांच्या बाबतीत मला स्वतःशी कठोर व्हावं लागलं. माझ्या नावावर पाच लेख होते, त्यातले दोन पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांत. कॉलेजातल्या गुणांच्या तक्त्यासाठी त्या काळी आम्ही सगळेच ते करायचो. ते दोन्ही यादीतून काढले. जपानी अर्जात प्रत्येक लेखापुढे तो तज्ज्ञांकडून तपासून घेतलेला आहे की नाही हे लिहावं लागतं आणि निवड समिती ते बघते. उरलेल्या तिनांपैकी एक फारच जुना होता. म्हणून २०२३ चा सगळा पावसाळा नव्या लेखावर घालवला. विषय होता ग्रामीण भागातल्या इंग्रजीच्या वर्गात मराठीचा आधार कुठे घ्यावा आणि कुठे सोडावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो छापून आला.

पहिला अर्ज जून २०२३ मध्ये पाठवला. बऱ्याच जागांना अजूनही कागद टपालाने लागतात. पाकिटावर लाल अक्षरांत ‘आत अर्जाची कागदपत्रं आहेत’ अशा अर्थाची जपानी ओळ लिहायची असते. जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन मी ती अक्षरं आधी वहीत वीस वेळा गिरवली, मग पाकिटावर उतरवली. पुण्याच्या जीपीओत ईएमएसच्या, म्हणजे परदेशी जलद टपालाच्या, खिडकीवरच्या काकांनी पाकीट हातात घेऊन निरखलं. “ताई, हे सुबक लिहिलंय, पण पत्ता इंग्रजीतही लिहा, नाहीतर मुंबईतच अडकेल.” बरोबरच होतं. पुढे तेच काका मला बघितल्यावर विचारायचे, “आज कुठलं विद्यापीठ?” एका पाकिटाला वजनाप्रमाणे दीड ते अडीच हजार रुपये. पंचवीसपैकी सोळा अर्ज असे टपालाने गेले.

तिसऱ्या अर्जाच्या वेळी चूक झाली. जाहिरातीत शेवटच्या तारखेपुढे ‘हित्चाकु’ असा शब्द होता. त्याचा अर्थ, त्या तारखेपर्यंत पाकीट त्यांच्या हातात पडलं पाहिजे. मी समजले की टपालाचा शिक्का त्या तारखेचा चालेल. त्यासाठी वेगळाच शब्द असतो, ‘केशिइन युको’. माझं पाकीट दोन दिवस उशिरा पोचलं आणि न उघडता बाद झालं. तीन संध्याकाळी आणि दोन हजार रुपये गेले, त्याहून जास्त वाईट वाटलं ते ती जागा माझ्या कामाला अगदी जुळणारी होती म्हणून. त्यानंतर शेवटच्या तारखेच्या आधी दोन आठवडे पाकीट टाकायचंच असा नियम करून टाकला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिलं मुलाखतीचं बोलावणं आलं, पण प्रत्यक्ष येऊन आणि स्वखर्चाने. विमानाचं तिकीट साठ हजारांच्या आसपास, शिवाय तात्पुरता व्हिसा, दोन रात्रींचं हॉटेल. मी ऑनलाइन मुलाखत मिळेल का असं विनंतीचं पत्र लिहिलं. त्यांनी नम्रपणे नकार दिला. घरी दोन दिवस चर्चा केली आणि जायचं नाही ठरवलं. बरेच दिवस तो निर्णय मनात सलत राहिला. पण एका मुलाखतीसाठी लाखभर रुपये घालायची आमची ऐपत तेव्हा नव्हती, आणि ज्यांची नाही त्यांनी कर्ज काढून जाऊ नये असं माझं आजही मत आहे. जाहिरातीत प्रवासखर्चाबद्दल आणि ऑनलाइन मुलाखतीबद्दल काय लिहिलंय ते अर्ज करण्याआधी बघा. मी ते दुसऱ्या वर्षी शिकले.

पहिल्या वर्षी अकरा अर्ज. चार ठिकाणांहून नकाराची पत्रं आली. पाकीट उशिरा पोचलेली जागा आणि मी स्वतः सोडलेली मुलाखत धरून दोन गेले. उरलेल्या पाच ठिकाणांहून काहीच आलं नाही. सगळ्यात जड गेली ती ही शांतता. जानेवारी २०२४ मध्ये नव्या जाहिराती आटल्या आणि मी कोणाशी त्याबद्दल बोलायचं बंद केलं. सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, “आलं का गं पत्र?” मग एके दिवशी त्यांनीही विचारायचं सोडलं आणि मला त्याचंच जास्त रडू आलं.

काय कमी पडतंय हे शोधायला मी त्या अकरा जाहिराती पुन्हा एकत्र वाचल्या. इंग्रजी कुठेच आड येत नव्हतं. सातांत ‘जपानी विद्यार्थ्यांना शिकवण्याचा अनुभव’ मागितला होता आणि माझ्या रकान्यात तिथे रेघ होती. चाकणला जपानी कंपन्या बऱ्याच आहेत. ओळखीने एका कंपनीत शनिवारी सकाळी जपानी अभियंत्यांना इंग्रजी शिकवायचं काम मिळालं, फेब्रुवारी २०२४ पासून. पैसे बेताचेच, पण त्या नऊ जणांनी मला जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. प्रश्न विचारल्यावर ते दहा-दहा सेकंद गप्प बसायचे. सुरुवातीला मी घाईने मीच उत्तर द्यायचे. मग थांबायला शिकले. थांबलं की बाराव्या सेकंदाला पूर्ण, नीट बांधलेलं वाक्य यायचं. दुसऱ्या वर्षीच्या माझ्या निवेदनाची सुरुवात या बारा सेकंदांनीच झाली. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या एन-३ या वरच्या पातळीचा निकालही चांगला लागला होता.

मे २०२४ ते ऑक्टोबर २०२४ या काळात आणखी चौदा अर्ज. या वेळी आधी त्या विद्यापीठाचा इंग्रजीचा अभ्यासक्रम वाचायचे, त्यातले दोन कोर्स निवडायचे आणि निवेदनात त्यांचीच नावं घेऊन मी ते कसे शिकवेन हे लिहायचे. जिथे काहीच जुळत नसेल तिथे अर्जच नाही.

बाविसाव्या अर्जाला उत्तर आलं. नागोयाजवळचं एक खासगी विद्यापीठ, मुलाखत झूमवर, १७ ऑक्टोबर २०२४, जपानी वेळेनुसार सकाळी साडेदहा. आपल्याकडे सात. तारीख बघितली तर गुरुवार! पुण्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. कोजागरीच्या रात्री दूध आटवायचं सोडून मी नणंदेकडे मुक्कामाला गेले, कारण त्यांच्या सोसायटीला जनरेटर आहे. फोनचं इंटरनेट वेगळं तयार ठेवलं.

चाळीस मिनिटांत पहिली पंधरा ‘मोगी जुग्यो’ची, म्हणजे नमुना तासाची. विद्यार्थी पहिल्या वर्षाचे, इंग्रजी कच्चं असलेले, असं आधी कळवलं होतं. मी ताक घुसळायची रवी कॅमेऱ्यासमोर धरली. लाकडी, कंगोरे झिजलेली, सासूबाईंच्या आईची. नाव सांगितलं नाही. ‘ही कशासाठी वापरतात’ एवढ्याच एका वाक्यरचनेवर तास बांधला होता. समितीतले तिघं विद्यार्थी झाले. एका सरांनी बराच वेळ विचार केला, मी थांबले, मग ते म्हणाले की ही चहा घुसळायची असावी. त्यांच्याकडे माच्चा घुसळायला बांबूची ‘चासेन’ असते. ते उठले आणि कपाटातून स्वतःची चासेन घेऊन आले. झूमच्या दोन चौकटींत एकीकडे रवी, दुसरीकडे चासेन, आणि मग तुलनेची वाक्यं आपोआप सुरू झाली. ती मी योजलेलीच नव्हती.

नंतर तो प्रश्न आलाच. विद्यार्थ्याने तक्रार केली की आम्हाला नेटिव्ह शिक्षक हवे होते, तर काय सांगाल? मी सांगितलं की मी दहा वर्षांची असताना पहिलं इंग्रजी वाक्य शिकले, कोणते शब्द कुठे अडतात ते मला आठवतं, आणि तुमचे विद्यार्थी नेमके तिथेच अडलेले आहेत. समितीतल्या बाई काहीतरी लिहून घेत होत्या. मग प्रवेशपरीक्षेच्या पर्यवेक्षणाला याल का, शनिवारच्या खुल्या दिवसाला थांबाल का, आणि शेवटी पाच मिनिटं जपानीत गप्पा. माझे प्रत्यय चुकले, पण त्यांनी संयमाने ऐकलं.

८ नोव्हेंबरला मेल आला. त्याला ‘नाइतेई’ म्हणतात, म्हणजे आतलं ठरलं, पण प्राध्यापक मंडळाच्या बैठकीत मंजुरी मिळेपर्यंत पक्कं नाही. म्हणून लगेच राजीनामा देऊ नका. मी डिसेंबरात लेखी पत्र हातात पडल्यावरच कॉलेजात सांगितलं. पगार बोनस धरून वर्षाला ४८ लाख येन, आठवड्याला आठ कोमा, करार तीन वर्षांचा, एकदाच दोन वर्षांनी वाढू शकणारा.

पाचावर काटा का अडतो, तर २०१३ पासून लागू झालेल्या बदलामुळे तिथे पाच वर्षांहून जास्त काळ मुदतीवर राबलेल्या कामगाराला कायम करण्याची मागणी करता येते. विद्यापीठ शिक्षकांसाठी पुढे ती मर्यादा दहा वर्षांची झाली, तरी अनेक विद्यापीठं पाच वर्षांवरच थांबतात. त्यात विद्यार्थीही घटतायत. १९९२ मध्ये अठरा वर्षांची मुलं साडेवीस लाखांच्या आसपास होती, आता अकरा लाखांच्या घरात आहेत. खासगी विद्यापीठांना त्याची झळ बसते. करारावर सही करताना हे माहीत असलेलं बरं.

पुढचं सगळं निवासपात्रता प्रमाणपत्रावर, म्हणजे सीओईवर. त्यासाठी विद्यापीठच तुमच्या वतीने तिथल्या इमिग्रेशनकडे अर्ज करतं, शुल्क नाही, वेळ एक ते तीन महिने. डिसेंबरच्या मध्यावर त्यांनी अर्ज केला आणि २१ फेब्रुवारी २०२५ ला सीओई मेलवर आलं. २०२३ पासून ते ईमेलने मिळू लागल्यामुळे टपालाचा आठवडा वाचतो. सीओईची मुदत तीन महिन्यांची असते, तेवढ्यात जपानमध्ये पोचावं लागतं. मुंबईत व्हिसाचा अर्ज केला आणि आठवड्याभरात पासपोर्ट परत आला. सगळ्या प्रवासात हा टप्पा सगळ्यात सोपा होता.

घरासाठी मात्र पैसे बाजूला ठेवा. भाडं ५८ हजार येन, पण शिकिकिन म्हणजे अनामत, रेइकिन म्हणजे घरमालकाला द्यायचे परत न मिळणारे पैसे, दलाली, जामीन कंपनीची फी, कुलूप बदलायचा खर्च आणि पहिलं भाडं मिळून सुरुवातीलाच २ लाख ९० हजार येन. रुपयांत एक लाख सत्तर हजारांच्या जवळपास. पहिला पगार २५ एप्रिलला. विमान, घर आणि महिनाभराचा खर्च धरून मी साडेतीन लाख रुपये घेऊन निघाले होते, ते कसेबसे पुरले. आणि एक: जपानमध्ये भाड्याच्या घरात बहुधा पडदे नसतात, बऱ्याचदा छताला दिवाही नसतो. २५ मार्चला संध्याकाळी मी घराचं दार उघडलं, बटण दाबलं, काहीच झालं नाही. त्या रात्री मोबाइलच्या उजेडात थालीपिठाची भाजणी शोधली.

विमानतळावरच निवासकार्ड मिळालं. पत्ता ठरल्यापासून चौदा दिवसांत वॉर्ड कार्यालयात नोंद करावी लागते, मी दुसऱ्याच दिवशी गेले. कार्डाच्या मागे पत्ता छापून मिळाला की मग बँक, मग फोन, याच क्रमाने. विद्यापीठ खासगी असल्यामुळे आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन खासगी शिक्षणसंस्थांच्या सामायिक योजनेत. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी दोन्हीकडची वर्षं एकत्र धरता येतात. ईपीएफचे कागद फेकू नका.

३० मार्चला पाडवा होता. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दांडीला मी खणाचा तुकडा आणि पुण्याहून आणलेली साखरेची गाठी बांधली, वर पाण्याचा तांब्या उपडा घातला. कडुनिंब नव्हता. व्हिडिओ कॉलवर मुलीने गुढी वाकडी आहे असं सांगितलं, ती मी सरळ केली. तिची सातवीची परीक्षा संपल्यावर मे महिन्यात ती आणि नवरा दोघंही आले, त्यांच्या सीओईला आणखी सात आठवडे लागले होते.

१ एप्रिलला अध्यक्षांनी दोन्ही हातांनी नेमणुकीचा कागद दिला, त्याला ‘जिरेई’ म्हणतात. मीही तो दोन्ही हातांनी घेतला. माझं नाव त्यावर काताकाना लिपीत होतं, आधी आडनाव, मग नाव, आणि या वेळी दोन्ही बरोबर होती. कागदावर मुदतीची तारीखही होती, ३१ मार्च २०२८. जे-रेक-इनवरचा अलर्ट मी काढलेला नाही. नवा लेख लिहायला घेतलाय, बारा सेकंदांवर.